पाठ केलेलं अर्धंच बोलला तो

पप्पांशी भांडून मी दोन वर्षं घरी गेलो नाही आणि गेलो तेव्हा ते आयसीयूत होते, ओळखलं पण नाही त्यांनी मला. त्यानंतर कितीतरी महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी (येशूच्या आठवणीत भाकरी घेतात तो विधी) भाकरीचा ट्रे आला की मी तसाच पुढच्याकडे सरकवायचो, म्हटलं आपली लायकी नाही. देव माफ करतो हे लहानपणापासून माहितीये हो, पण ती माफी घ्यायची कशी हेच जमत नव्हतं.

मग एका रात्री बायबलमधला लूक 15 परत वाचला, उधळ्या पुत्राचा, म्हणजे बापाकडून वाटा घेऊन दूर जाऊन सगळं उधळून बसलेल्या मुलाचा. तो डुकरांमध्ये बसून काय बोलायचं ते ठरवतो, शेवटचं वाक्य असं की मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. पण घरी आल्यावर नीट बघा, ते वाक्य तो बोलतच नाही! बाप आधीच धावत आलेला, मुके घेतलेत, आणि लगेच चाकरांना सांगतोय झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला. (जोडे मुलाच्या पायात, चाकराच्या नाही.) मी इतके दिवस मोलकरी व्हायलाच तर धडपडत होतो, फेडून टाकू म्हणून.

पुढच्या रविवारी ट्रे आला, हात थरथरत होता, पण तुकडा घेतला. आई शेजारी बसलेली, तिने काहीच न बोलता माझा हात घट्ट धरून ठेवला.