प्रमोशनची फाईल

माझ्या टीममधली एक कृष्णवर्णीय सहकारी नऊ वर्षं त्याच पदावर होती. तिला मॅनेजर करा म्हणून मी नाव सुचवलं आणि पहिल्याच कॅलिब्रेशनच्या बैठकीत (जिथे वरिष्ठ मिळून सगळ्यांचं काम तोलतात आणि बढत्या ठरवतात) तोंडावर आपटले. ‘काम उत्तम, पण टोन जरा कडक. अजून तयार नाही.’ पाच मिनिटांत विषय संपला.

न्यू जर्सीतल्या घरी येऊन तिचे जुने रिव्ह्यू काढले. ‘बोलणं मवाळ हवं’ हा शेरा दोनदा होता. दुसऱ्यांदा तो मीच लिहिला होता! त्याच वर्षी एका गोऱ्या मुलाबद्दल मी लिहिलं होतं, ‘ठामपणे बाजू मांडतो’. सांगलीत आजी मला तोंडाळ म्हणायची तेव्हा मी केवढी चिडायचे.

तिला हे सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘सल्ले खूप मिळाले. त्या खोलीत माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.’ मला उर्सुला बर्न्स आठवली. तीही कृष्णवर्णीय, 1980 मध्ये झेरॉक्स कंपनीत (आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कॉलेजसमोरचं दुकान!) उन्हाळी इंटर्न होती. 1990 मध्ये एका वरिष्ठाने तिला आपली एक्झिक्युटिव्ह असिस्टंट केलं, तेव्हा ती मोठ्या टेबलांच्या जवळ पोहोचली. 2009 मध्ये ती सीईओ झाली.

पुढची फेरी सहा महिन्यांनी होती. वंश बघून बढती द्यायला अमेरिकेचा 1964 चा नागरी हक्क कायदा मनाई करतो, त्यामुळे तो मुद्दा मांडायचाच नव्हता. मी एचआरकडून मॅनेजरपदाचे निकष लेखी मागवले. प्रत्येक निकषासमोर तिचं काम लिहिलं: किती जणांना शिकवलं, कुठला रखडलेला प्रोजेक्ट वेळेत दिला, किती बजेट सांभाळलं. विशेषणं सगळी खोडली. बैठकीआधी दोन डायरेक्टरांना वेगवेगळं भेटले. खरं काम तिथेच होतं. तिच्या प्रोजेक्टचा आढावा मी द्यायचे, तो तिलाच व्हीपींसमोर (व्हाइस प्रेसिडेंट) द्यायला लावला. हे आधीच करायला हवं होतं.

बैठकीत ‘टोन’ पुन्हा निघालाच. मी विचारलं, ‘कुठल्या बैठकीत? काय म्हणाली ती?’ कुणालाच आठवेना. नाव मंजूर झालं.

अभिनंदन करायला गेले तर तिने आधी विचारलं, ‘पगार बँडमध्ये कुठे?’ (बँड म्हणजे त्या पदाच्या पगाराची ठरलेली किमान-कमाल मर्यादा.)

अगदी तळाला.

एचआरला मेल तिनेच लिहिला, मी फक्त सीसीत होते. मेल अजिबात मवाळ नव्हता.