तुम्ही विचारलंत म्हणून: तो कागद अजून भिंतीवर का?

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतो. "सर, एवढं सगळं झालं, तरी तो कागद अजून तिथंच?" आजवर हसून टाळलं. आता एकदाचं लिहून टाकतो.

कागद 1986च्या मोसमाचा. हातोडाफेकीचे आकडे, माझ्याच हातानं निळ्या शाईनं लिहिलेले. 22 जून, ताल्लिन: सोव्हिएत संघाचा युरी सेदिख, 86.66 मीटर, विश्वविक्रम. 3 जुलै, ड्रेस्डेन: त्याच्याच देशाचा सर्गेई लित्विनोव, 86.04. 30 ऑगस्ट, श्टुटगार्ट, युरोपियन स्पर्धा: लित्विनोव 85.74, आणि सेदिखची चौथी फेक 86.74, नवा विश्वविक्रम. पाठोपाठ 86.68 आणि 86.62. एक मीटरनं हरलेल्या लित्विनोवच्या त्या फेकीइतकी लांब फेकसुद्धा या दोघांखेरीज कुणाच्या नावावर नाही. 2005 साली बेलारूसच्या इवान तिखाननं 86.73 टाकला होता, विक्रमाला फक्त एक सेंटिमीटर कमी. पुढं त्याचा अथेन्स ऑलिम्पिकमधला जुना नमुना उत्तेजक औषधांसाठी पुन्हा तपासला गेला आणि ती फेकही यादीतून गेली.

फेकण्याआधी बाकीचे बहुतेक जण चार टर्न, म्हणजे गिरक्या, घेतात; सेदिख तीनच घ्यायचा. सव्वासात किलोचा हॅमर, म्हणजे हातोडा, फेकायला सव्वादोन मीटरचंही नसलेलं सर्कल, आणि हा माणूस तीन टर्नमध्ये साडेशहाऐंशी पार. मी चार घेऊन कधी बावन्नच्या पुढं गेलो नाही. त्यामुळे हा कागद माझ्यासाठी देवघरातल्या फोटोसारखा होता. होता म्हणा, आहे म्हणा.

हो, तो सोव्हिएत जमाना होता. स्पर्धा नसताना अचानक येऊन नमुने घेणं तेव्हा जवळपास नव्हतंच. पण सेदिख कधी पकडला गेला नाही, हेही तितकंच खरं. 2021 साली तो गेला. मेलेल्या माणसावर संशयाची राळ उडवायला काय लागतं?

"सेदिख कधी पकडला गेला नाही" हे वाक्य मी वीस वर्षं म्हणत आलो. त्याची किंमत मी नाही मोजली, दुसऱ्यानं मोजली.

माझ्याकडं हातोडाफेक शिकायला एक पोरगा होता. नाव सांगत नाही. ऊसतोड कुटुंबातला, हात लांब, कंबर दगडासारखी. एका संध्याकाळी मैदानावरून थेट घरी आला. बसला नाही. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत काचेच्या चार छोट्या बाटल्या. कुणी दिल्या ते त्यानं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. त्यानं भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "सर, यांनी पण घेतलंच असेल ना?"

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आज तोंडपाठ आहे. पिशवी हिसकावून घ्यायला हवी होती. एक कानाखाली द्यायला हवी होती. मी म्हणालो, "त्याचं काही सिद्ध झालेलं नाही."

मला सेदिखला वाचवायचं होतं. समोर पोरगा उभा होता आणि मी वाचवत होतो श्टुटगार्टच्या सेदिखला! पोरानं काय ऐकलं? सिद्ध झालं नाही म्हणजे चालतं. त्यानं मान हलवली, पिशवी खिशात घातली, माझ्या पाया पडून गेला.

चार महिन्यांत त्याचा हॅमर सहा मीटरनं लांब गेला. मी पेढे वाटले. हो, मीच वाटले. मग नोटीस आली. आई आली दारात, पदर डोक्यावर, हातात तो इंग्रजी कागद. "सर, तुम्हाला ठावं हुतं का?"

मी "नाही" म्हणालो.

त्या काळचा मी आजही माझ्याशी भांडतो. म्हणतो, तू बाटल्या दिल्या नाहीस, सुई टोचली नाहीस, पोरगा एकोणीस वर्षांचा होता. सगळं खरं आहे. पण ती बाई उंबऱ्यावरूनच परत गेली, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पोरगा आता ट्रक चालवतो. दिवाळीला फोन करतो, मैदानाचा विषय काढत नाही.

मग कागद का काढत नाही? काढला तर मी सुटलो असं वाटेल, म्हणून? की ते तीन टर्न अजून मला रात्री दिसतात, म्हणून? दोन्ही असेल. जास्त विचारू नका.

2025च्या सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत कॅनडाच्या ईथन कात्झबर्गनं 84.70 फेकला. त्याआधी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 84.12, दुसऱ्याच्या चार मीटर पुढं. आता इतक्या चाचण्या होतात, त्याच्याविरुद्ध कुणाचा चकार शब्द नाही. मी कागदाखाली त्याचा आकडा लिहिला. लिहून झाल्यावर बघतो तर हातात पेन्सिल. बाकी सगळे शाईत. कात्झबर्गनं माझं काय घोडं मारलं होतं?