आत्याचा "ड्रोन"

आज रात्री साडेनऊला आत्याने अंगणातून हाक मारली, "अरे बाहेर ये, ड्रोन फिरून राहिला!" पूर्वेला, शिंदीच्या झाडाच्या जरा वर, एक दिवा. क्षणात लाल, क्षणात हिरवा, मग निळसर. हलतोय असंही वाटत होतं.

तिला हसलो नाही. आम्ही चंद्रपूरकर. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्याच संध्याकाळी, आभाळातून जळत्या ठिणग्यांची रांग गेलेली या डोळ्यांनी पाहिली आहे. सगळे उल्का म्हणत होते. पण उल्का एकदोन सेकंदांत विझते, ती रांग मात्र निवांत सरकत गेली. नंतर सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी पडलेली सापडली. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं खगोल अभ्यासकांनी सांगितलं.

आजचं कोडं सोपं निघालं. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण धरून खाली आलो, तर थेट त्या "ड्रोन"वर! व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. गरम-थंड हवेचे झोत तो वाकवतात, प्रत्येक रंग थोडा वेगळा, म्हणून ही रंगपंचमी. हलल्याचा भास आपल्या डोळ्यांचा. अंधारात एकटा ठिपका एकटक पाहिला की होतो.

अकराला परत पाहिलं. चांगलाच वर चढलेला, बऱ्यापैकी पांढरा. आत्या म्हणाली, "बॅटरी उतरली वाटते."