उलटा मोदक

तोक्योत आल्यावर पहिले सहा महिने मी इथल्या मिठाईवर मनातल्या मनात रुसून होते. कारण आंको. अझुकी हे दिसायला लाल चवळीच्या जवळचं कडधान्य. ते शिजवून, साखर घालून आटवलं की होतं ते सारण म्हणजे आंको. दिसायला थेट पुरण. चिकट तांदळाची पांढरी मऊ दाइफुकू तोडली की आत हेच, बन तोडला की आत हेच. माझी जीभ जायफळ शोधायची, वेलची शोधायची, तुपाची धार शोधायची. हाती लागायची नुसती उकडलेल्या दाण्यांची मातकट गोडी. सोयरीक ठरवताना फोटो वेगळाच दाखवला असावा, तसं काहीसं.

त्यातही दोन पंथ. त्सुबुआन म्हणजे दाणे दाताखाली येणारं आणि कोशिआन म्हणजे सालं काढून गाळलेलं. पुरणयंत्र की पाटा, या वादात वाढलेल्या मला हे मात्र लगेच कळलं.

पानांनी मात्र पुरती फजिती केली. वसंतातल्या साकुरामोचीला चेरीचं खारवलेलं पान गुंडाळलेलं असतं आणि ते सहसा पानासकट खातात. गोडावर हलकं खारट, छान लागतं. त्याच जोरावर ५ मेच्या मुलांच्या सणाला ऑफिसात काशिवामोची आली, तीही मी पानासकट तोंडात घातली. चावते आहे, चावते आहे, चामडं काही तुटेना. समोरचा सहकारी सभ्यपणे खिडकीबाहेर बघत होता. काशिवाचं, म्हणजे एका ओकचं, पान खायचं नसतं. पातोळ्यांवर वाढलेल्या मुलीला खरं तर कळायला हवं होतं. हळदीचं पान कुणी चावतं का? नवी पालवी फुटेपर्यंत काशिवाची जुनी पानं झडत नाहीत, म्हणून वंश अखंड राहावा या भावनेने ते वापरतात, हे नंतर कळलं. म्हणजे मी एका आशीर्वादाचा चोथा करत होते.

मग सप्टेंबर आला. आईचा फोन: "पितृपंधरवडा आहे, निदान दहीभात तरी ठेव बाहेर." त्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी दार वाजवलं. हातात डबा, डब्यात चार ओहागी. शरद संपाताच्या आगेमागे तीन-तीन दिवस धरून इथे सात दिवसांचा हिगान असतो. लोक घरच्यांच्या थडग्यांवर जातात, ती धुतात, फुलं वाहतात आणि पूर्वजांना ओहागी ठेवतात. आपला पंधरवडा आणि हा आठवडा कधी एकमेकांवर येतात, कधी चुकामूक होते. त्या वर्षी गाठ पडली होती.

ओहागी म्हणजे उलटा मोदक: आत चिकट भात, बाहेर सारण. शरदात हागीच्या फुलांवरून ओहागी. वसंतात बोतान फुलांवरून त्याचंच नाव बोतामोची. आजींनी अझुकी घरीच शिजवली होती, साखर बेताची, मिठाची चिमूट कळण्याइतकी. वेलची आठवली, पण दुसऱ्या घासाला.

तिसरी खाऊन झाल्यावर, चौथी हातात धरून मी मोडक्यातोडक्या जपानीत आजींना विचारलं, आमच्याकडे पितरांचा घास कावळ्याला देतात, ही एक गॅलरीत ठेवू का?

आजींचे डोळे विस्फारले. इथले कावळे घारीएवढे वाटतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, म्हणून गल्लीत पिशव्यांवर जाळी टाकलेली असते. आजींनी त्या जाळीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हलकेच माझ्या हातातली ओहागी परत डब्यात ठेवून झाकण लावलं.