कुणाला 1500, कुणाला 2500: आईच्या अनुदानाचा हिशोब मला कसा लागला

आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न दारोदार फिरतो, "तुमचे पैसे पडले का?" एकीचे पडलेले असतात, दुसरीचे नाहीत. ज्यांचे पडले त्यांचेही आकडे जुळत नाहीत. मग दलालाने खाल्ले, वशिल्याने मिळाले, असं सुरू होतं. आईच्या संजय गांधी निराधार अनुदानामागे, म्हणजे सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या मदतीमागे, मी बराच काळ फिरले, तेव्हा लक्षात आलं की हा फरक बहुतेक वेळा नियमातून आणि नोंदीतून आलेला असतो. गरिबाला ते कुणी बसवून समजावत नाही, याचा मला फार राग येतो. म्हणून जे कळलं ते लिहिते.

वडील गेल्यावर आईचं नाव योजनेत लागलं. ती तेव्हा विड्या वळायची. पुढे साखरेच्या आजारात पायाला जखम झाली, ती चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सिव्हिलमध्ये तपासणी होऊन युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळालं. अनुदान आधीपासून चालूच होतं, त्यामुळे आता आणखी काही करायचं असतं असं कुणी सुचवलं नाही.

पहिली अडचण आली ती 2024 संपता संपता. तोवर पैसे तहसीलमधून बँकेला यादी जाऊन जमा व्हायचे. मग डीबीटी आलं, म्हणजे शासनाकडून थेट आधारवर. आईच्या पासबुकात मात्र काहीच उमटेना. बँकेत विचारलं तर, "आधार लिंक आहे, वरूनच आले नसतील." तहसीलमध्ये विचारलं तर, "आमच्याकडून गेलेत." दोघंही खरं बोलत होते आणि आई औषधाची चिठ्ठी पदराला बांधून बसली होती.

उलगडा केला आमच्या चौकातल्या महा ई-सेवा केंद्रातल्या मुलाने. त्याने आधारच्या साइटवर आईचा नंबर टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं, म्हणजे आधारवरचा पैसा कोणत्या बँकेत वळतो ते. तिथे भलत्याच बँकेचं नाव! पूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदाराने आईचा अंगठा मशीनवर ठेवून घेतला होता, त्यात तिच्या नावाचं एक खातंही उघडलं गेलं होतं. आधारला एका वेळी एकच खातं पैशासाठी जोडलेलं राहतं, आणि सहसा ते शेवटी जोडलेलं असतं. बँकेत आधारची नोंद असणं वेगळं आणि सरकारी पैसा त्या खात्यात वळणं वेगळं. सुदैवाने त्या खात्यात सगळे हप्ते जसेच्या तसे पडून होते. ते काढले, आईच्या जुन्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरला आणि स्टेटसमध्ये नाव बदलेपर्यंत पाठपुरावा केला.

दुसरा घोळ रकमेचा. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचं अनुदान 1500 वरून 2500 केलं, ऑक्टोबरपासून. मागच्या बोळातल्या अक्कांना अडीच हजार आले, आईला दीडच. आईचा एक पाय नाही, आणखी काय दाखवायचं?

तहसीलच्या संजय गांधी शाखेतल्या मॅडमनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि आईच्या नावापुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. प्रवर्ग : विधवा. वाढ फक्त दिव्यांग प्रवर्गाला आहे. विधवा, निराधार, वृद्ध यांचे 1500 तसेच आहेत. आईचं नाव लागलं तेव्हा ती धडधाकट विधवा होती आणि त्यानंतर त्या रकान्याला कुणी हात लावला नव्हता. युडीआयडी कार्ड, आधार, पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला जोडून प्रवर्ग बदलाचा अर्ज दिला. उत्पन्नाची मर्यादाही इथे वेगळी आहे : इतरांना वर्षाला 21,000, दिव्यांगांना 50,000. ज्या बायका विधवाही आहेत आणि दिव्यांगही, त्यांनी आपला प्रवर्ग एकदा विचारून घ्याच.

अक्कांच्या पासबुकात आणखी एक गोष्ट दिसली. त्यांचे पैसे दोन ओळींत येतात, एक 300 ची आणि दुसरी उरलेल्या रकमेची. त्यांचं युडीआयडी कार्ड निळ्या पट्टीचं आहे, म्हणजे 80 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व, आणि घर दारिद्र्यरेषेखाली. अशांना इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनातून केंद्राचे 300 मिळतात, बाकीची रक्कम राज्य घालतं. दोन्ही एकाच दिवशी पडतील असं नाही. नुसते 300 दिसले म्हणून त्या एकदा घाबरून माझ्याकडे आल्या होत्या. आईच्या कार्डाची पट्टी पिवळी, म्हणून तिला एकच ओळ.

तारखेचं म्हणाल तर पगारासारखी पक्की तारीख नसतेच. मुंबईहून निधी सुटला की पैसे येतात. एखादा महिना रखडला तर दोन-तीन महिन्यांचे एकदम पडतात आणि लोकांना वाटतं अनुदान वाढलं. शिवाय सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचा निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशोबाच्या वेगळ्या खात्यांतून येतो. म्हणून भिंतीला भिंत लागलेल्या दोन घरांत पैसे वेगवेगळ्या दिवशी येतात. हे कळल्यापासून शेजारणीच्या तारखेवरून मी काळजी करणं सोडलं.

आता मी एक वही ठेवते. पासबुक भरून आणलं की रक्कम, तारीख आणि ती कोणत्या महिन्याची, एवढं लिहायचं. तोंडी तक्रार कुणी धरत नाही, वही पुढे केली की समोरचा माणूस ओळीला ओळ लावून बघतो. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो राहिला तर अनुदान थांबतं. महापालिका किंवा ग्रामपंचायत दिव्यांगांसाठी राखलेल्या आपल्या 5 टक्के निधीतून त्यांना काही देत असेल तर तो पैसा वेगळा, या हिशोबात तो मिसळू नका.

आईचा प्रवर्ग बदलला आणि अडीच हजार सुरू झाले. ऑक्टोबरपासून मधल्या महिन्यांचा फरक अजून यायचा आहे. त्याचा वेगळा अर्ज दिला आहे, आवक शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. पुढच्या सोमवारी त्या वहीसकट पुन्हा जाणार आहे.