यंत्र आहे, मग पन्हाळ्यावर का नेत नाही?

पन्हाळा कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर, आणि माझ्या घरी मेटल डिटेक्टर. या दोन गोष्टी एकत्र कळल्या की समोरचा हमखास विचारतो, "काका, एकदा गडावर फिरवून का बघत नाही? तोफगोळे, तलवारी, काय काय निघंल!" लग्नाच्या मांडवात विचारतात, तालमीच्या कट्ट्यावर विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगतो.

यंत्र मुळात लाकडासाठी घेतलं. मी पॅटर्नमेकर, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करण्यात आयुष्य गेलं. जुने वाडे पाडले की त्यातलं सागवान आम्ही घ्यायचो. त्यात मोडका खिळा राहिला तर रंधा मशीनचं पातं गेलंच म्हणायचं. म्हणून हातात मावणारं छोटं यंत्र आणलं, पुढे मोठ्या चकतीचं. आता पै-पाहुणे बोलावतात. उसाच्या सरीत जोडवं पडलं, रोटाव्हेटरचं पातं तुटून मातीत गेलं, की मी जातो आणि शोधून देतो.

चकतीतल्या एका कॉइलमधून सतत दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचं क्षीण क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर असली तर सापडते. गडाच्या जांभ्या मातीत लोहच इतकं की यंत्र उगाच ओरडत राहतं. पण मी तिथे जात नाही त्याचं कारण हे नव्हे.

कारण माझ्या कपाटात आहे. सोललेल्या नारळाएवढा एक तोफगोळा.

मामांचं शेत पन्हाळ्याच्या पायथ्याला होतं. नांगरटीत हा गोळा वर आला आणि बरीच वर्षं दाराला टेकण म्हणून पडून होता. मी तेव्हा बावीस वर्षांचा. "मामा, चकाचक करून आणतो," म्हणालो, सायकलला बांधून उद्यमनगरात आणला आणि तारेच्या ब्रशवर धरला. काळे पापुद्रे सुटत गेले आणि आत पांढरं लोखंड चमकायला लागलं. मामा खूश, मी खूश.

ते पापुद्रे काय होते हे फौंड्रीवाल्याला कळायला हवं होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मातीत वर्षानुवर्षं गंजतं तेव्हा त्यातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि ग्राफाइट मागे उरतं. आकार तसाच दिसतो, पण तो थर पेन्सिलीच्या शिशासारखा मऊ असतो. गोळ्याचं मूळ माप त्या थरात असतं. माप म्हणजे तोफेचं तोंड केवढं होतं याचा पुरावा. साचा दोन भागांचा असेल तर गोळ्यावर जोडाची बारीक रेघ राहते, तीही तिथेच. मी दोन्ही घासून टाकलं.

त्याहून मोठं नुकसान मला वीस वर्षांनी कळलं. गोळा नेमका कुठल्या वावरात, कुठल्या बाजूला सापडला, हे मी मामांना कधी विचारलंच नाही. मामा गेले, बांध मोडले, वाटण्या झाल्या. आता सांगणारं कुणी नाही.

पन्हाळ्यावर तोफा एकदाच डागल्या गेल्या असत्या तर मी एवढा हळहळलो नसतो. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा पडला. तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजांच्या तोफा घेऊन आला आणि इंग्रजी निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. त्याच वेढ्यातून महाराज निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. पुढे 1844 साली गडकऱ्यांचा उठाव झाला. सामानगडावर ठिणगी पडली, पन्हाळ्यावर बंडवाल्यांनी कंपनीच्या कर्नल ओव्हान्सला कैदेत ठेवलं, आणि डिसेंबरात कंपनीच्या तोफांनी तट फोडून गड घेतला. मामांच्या शेतातला गोळा रेव्हिंग्टनचा, कंपनीचा, की गडावरून खाली वेढा घालणाऱ्यांवर टाकलेला? माप आणि जागा, दोन्ही असत्या तर अभ्यासकाला काही सांगता आलं असतं. माझ्याकडे फक्त लोखंड आहे.

जागा जपली तर काय होतं ते अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या जुन्या रणभूमीवर दिसलं. 1983 साली तिथलं गवत वणव्यात जळालं. पुढच्या वर्षी अभ्यासकांनी ओळीत मेटल डिटेक्टर फिरवले, मिळेल त्या वस्तूशेजारी झेंडी रोवली आणि प्रत्येक जागा नकाशावर मांडली. काडतुसांवरच्या खुणांवरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे कळलं, आणि 1876 च्या त्या लढाईचं चित्र बदललं. यंत्र माझ्यासारखंच होतं. फरक झेंडीचा होता.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, 2025 पासून जागतिक वारसा यादीतही आहे. परवान्याशिवाय तिथे खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तरी 1878 च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि एक कळकळीची विनंती. गोळ्याला भोक दिसलं तर तो पोकळ असू शकतो, आत दारू असू शकते. हात लावू नका, पोलिसांना बोलवा. 2008 साली अमेरिकेत व्हर्जिनियात तिथल्या यादवी युद्धातला असाच जुना गोळा साफ करताना फुटला आणि ते काम अनेक वर्षं केलेला माणूस जागीच गेला. मी ब्रशवर धरलेला गोळा भरीव होता, हे माझं नशीब.

गेल्या पावसाळ्यात पायथ्याच्या एका गावातून तरुण शेतकऱ्याचा फोन आला. "काका, बांध खचलाय, त्यात गोळा दिसतोय. काढून ठेवू का?" मी म्हटलं, "हलवू नकोस. मागे विहीर दिसंल असा फोटो काढ. मी आलो." यंत्र घरीच ठेवून गेलो. गोळा भरीवच दिसत होता, तरी त्याच्याभोवती दगड मांडून घेतले. मग तलाठ्यांकडे गेलो आणि अर्ज लिहायला बसलो. "जागा कशी लिहू?" पोरानं विचारलं. गट नंबर लिहिला, आणि बाकीच्यासाठी त्याला परत शेतात नेऊन पावलं मोजायला लावली. विहिरीच्या कठड्यापासून पूर्वेला सत्तेचाळीस.