शिक्का खरा, पीठही खरं

कुपवाड एमआयडीसीत आम्ही निर्यातीसाठी लाकडी पॅलेट बनवतो, म्हणजे माल ठेवून फोर्कलिफ्टने उचलायच्या फळ्या-ठोकळ्यांच्या चौकटी. त्यातलं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे लाकूड तापवून कीड मारायचं चेंबर माझ्याकडे. दिवाळीच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा कास्टिंगचा कंटेनर हॅम्बुर्गसाठी भरायचा होता. पॅलेट आमचे, मे महिन्यात दिलेले. सकाळी आठला त्यांच्या स्टोअरमधून फोन : "दादा, तुमच्या पॅलेटखाली पीठ सांडलंय. शिक्का खोटा हाय काय?"

गेलो. २४ पॅलेटपैकी ५ पॅलेटखाली मैद्यासारखी पिवळसर पावडर. फळ्यांवर दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं. वाळवी असती तर बहुधा मातीचे पाट दिसले असते. हे लाकूड पोखरणारे भुंगेरे होते. फळी उलटी करून आपटली की ताजी पावडर पडायची, म्हणजे आत अळी जिवंत. आणि त्याच पॅलेटच्या ठोकळ्यावर आमचा शिक्का : कणसाचं चिन्ह, आयएन (भारत), आमचा नंबर, एचटी (हीट ट्रीटमेंट).

आधी त्या लॉटचा तापमानाचा चार्ट काढला. आयएसपीएम १५, म्हणजे लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम, लाकडाच्या गाभ्याचा आहे : गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं. चेंबरातली हवा तापवणं कुणालाही जमतं. खरी कसरत सेन्सर बसवण्यात आहे. लॉटमधला सर्वांत जाड आणि सर्वांत ओला ठोकळा निवडायचा. आमचा ९० मिलिमीटरचा असतो, म्हणून भोक ४५ मिलिमीटर खोल. सेन्सर टोकापर्यंत घालून तोंड पुट्टीने बंद करायचं. पुट्टी राहिली तर गरम हवा भोकात शिरते आणि गाभा कच्चा असताना चार्टवर ५६ दिसतात. चेंबरात जिथे हवा सर्वांत उशिरा तापते, तिथे तो ठोकळा ठेवायचा. आमच्याकडे ती जागा दाराजवळची खालची थप्पी. सर्वांत मागे राहिलेला सेन्सर ५६ ला पोचला की मोजणी सुरू. मध्ये वीज गेली आणि ५५ झालं, की पुन्हा शून्यापासून. पावसाळ्यातल्या ओल्या लाकडाला पाच-सहा तास सहज जातात. मेच्या त्या लॉटमध्ये सर्वांत थंड सेन्सरही ५८ वर ४१ मिनिटं होता. चार्टात खोट नव्हती.

मग अळी आली कुठून? उष्णतेने त्या वेळी आत असलेल्या किडी मरतात, पण लाकडात औषधासारखं काही उरत नाही. नंतर मादीने अंडी घातली तर तिला अडवणारं काही नाही. नियम मुळात ओल्या लाकडातून, सालीखालून प्रवास करणाऱ्या किडींसाठी आहे. चिनी लाकडी पॅकिंगमधून आलेला लांब शिंगांचा भुंगेरा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या झाडांत सापडला, तशा. कोरड्या लाकडावर नंतर बसणाऱ्या या भुंगेऱ्यांची हमी शिक्का देत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगायला गेलं की ते आपल्याकडे सबब ऐकल्यासारखं बघतात.

आमच्या पॅलेटचे ठोकळे पाइनचे, फळ्या आंब्याच्या. दर तसाच ठरलेला. पाइनला नळीसारखी छिद्रं नसतात, त्यामुळे या मादीला तिथे अंडी घालायला जागाच नाही. आंब्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात छिद्रंही आहेत आणि स्टार्चही. एक फळी तासणीने फोडली. अळ्या सगळ्या त्या पांढऱ्या पट्ट्यात. ठोकळे स्वच्छ.

फोडताना खिळ्यांकडे लक्ष गेलं. आम्ही गनने पिळाचे खिळे मारतो. तीन पॅलेटवर एकेका फळीला साधे सुतारी खिळे होते. फोर्कलिफ्टने तुटलेली फळी त्यांच्याच सुताराने बदलली होती, ट्रीट न केलेल्या आंब्याच्या लाकडाची. दुरुस्तीत एक तृतीयांशापर्यंत भाग बदलता येतो, पण प्रत्येक नवा भाग ट्रीट केलेला आणि वेगळा शिक्का मारलेला हवा. त्याहून जास्त बदलला तर जुने शिक्के पुसून पॅलेट पुन्हा चेंबरात. हेच लोक दोन बोटं रुंद सालीचा तुकडा दिसला म्हणून माल परत पाठवतात. ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद साल कितीही लांब असली तरी चालते. बिनशिक्क्याची अख्खी फळी मात्र कुणाला दिसली नाही.

तीन पॅलेटचा उलगडा झाला. पण उरलेल्या दोनवर सगळे खिळे आमचेच होते. ते पॅलेट त्या तिघांच्या शेजारी पाच महिने रचलेले, म्हणून तिथूनच लागण झाली असावी, असं मी त्यांच्या मॅनेजरना सांगितलं. माझ्या शेडमध्ये त्याच लॉटच्या उरलेल्या फळ्यांवर एकही भोक नाही, हेही सांगितलं. पटलं त्यांना. मला मात्र 'असावी' हा शब्द अजून खटकतो.

फ्युमिगेशनचा, म्हणजे विषारी वायूने कीड मारण्याचा विषय निघाला. मिथाइल ब्रोमाइड (एमबी) म्हणजे २१ अंशांच्या वर घनमीटरला ४८ ग्रॅम आणि २४ तास. ट्रेलर दारात उभा, शिवाय गिऱ्हाइकाला एमबीचा शिक्का नकोच होता. पाच पॅलेट माघारी घेतले आणि आमच्या स्टॉकमधले अख्खे पाइनचे दिले. उरलेले १९ काळ्या प्लास्टिकवर एकेक आपटून बघितले, खिळे तपासले. पावडर पडली नाही, कंटेनर गेला.

पण भुंगेरा भोक पाडून बाहेर पडतो, तेव्हाच पावडर गळायला लागते. आत लहान अळी असेल तर फळी वरून कोरीच दिसते. त्या दिवशी सगळेच २४ बदलायला पाहिजे होते का? स्टॉकमध्ये पाइनचे ११ होते.

हॅम्बुर्गहून तक्रार आली नाही. मी त्यांच्या परचेसला सुचवलं, वरच्या फळ्या पाइनच्या करा, नाहीतर प्लाय वापरा. प्लायला हा नियमच लागू नाही. आणि पॅलेट दोन महिन्यांच्या गरजेपुरतेच मागवा. गेल्या सोमवारी नवी ऑर्डर आली : ६० नग, ठोकळे पाइन, फळ्या आंबा, दर जुनाच.